पोरसने घेतली इटालियन तान!

भोर-वेल्ह्याच्या मंडळींनो, ऑपेरा म्हटलं की काय आठवतं? मखमली पडदा, झुंबरं, काच तडकेल असा सूर आणि एकही शब्द न कळणारे आपण? बरोब्बर. पण आधी नसरापूरला उतरू. ऑपेराचा रस्ता तिथूनच जातो!

बनेश्वरच्या देवळातली मोठी घंटा पाहिलीय ना? जवळून पाहिलीय? तिच्यावर चक्क क्रॉस आहे, आणि साल आहे १६८३. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही निशाणी. पुढे १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी देऊळ बांधलं आणि चर्चची घंटा महादेवापुढे घणघणू लागली.

आता टाइम मशिन पकडा आणि थेट लिस्बन गाठा. वसई हातची गेल्याला सोळा वर्षं झालीत. ३१ मार्च १७५५. राजा जोझे यांनी नदीकाठी कोरं करकरीत, सोन्याने मढवलेलं ऑपेरा हाउस बांधलंय. आज ओपनिंग! आणि पहिल्या खेळाला निवडलेला विषय माहीत आहे का? हिंदुस्थानचा एक राजा युरोपच्या वीरापुढे हरतो आणि तो वीर त्याला मोठ्या मनाने माफ करतो. वा रे वा! रणात वसई गेली, रंगमंचावर हिंदुस्थान जिंकला.

हा राजा म्हणजे आपला पोरस. समोरचा वीर सिकंदर. ऑपेराचं नाव ‘आलेस्सांद्रो नेल इंदिये’, म्हणजे ‘हिंदुस्थानात सिकंदर’. आणि शो किती भव्य? स्टेजवर खरेखुरे घोडे! लाकडी नाहीत, कापडी नाहीत. टापा वाजवत, मार्चच्या ठेक्यावर चालणारं घोडदळ.

मग? मग काही नाही. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनचा तो महाभयंकर भूकंप झाला आणि ऑपेरा हाउस जमीनदोस्त. वय पुरते सात महिने. राजाने तर इतकी धास्ती घेतली की पुढे दगडी महालाऐवजी तंबूत आणि लाकडी वाड्यात राहणं पसंत केलं.

थांबा, गोष्ट इथे सुरू झालेली नाही. मूळ स्क्रिप्ट होतं मेतास्तासिओ या रोमन कवीचं. हा गडी हिंदुस्थानात कधीच आला नाही, पण त्याच्या या एका स्क्रिप्टला साठाहून अधिक संगीतकारांनी चाली लावल्या. एकच नाटक, साठ म्युझिक डायरेक्टर! हेंडेलनेही १७३१ मध्ये लंडनसाठी लावली, आणि त्याच्या ऑपेराचं नाव थेट ‘पोरो’. झेलमकाठचा राजा लंडनच्या पोस्टरवर!

पहिली चाल कुणाची? लिओनार्दो विंचीची. ‘दा’ नाही हं, नुसता विंची. हा चित्रं काढत नव्हता, सूर काढायचा. त्याचा ‘आलेस्सांद्रो’ रोममध्ये रंगमंचावर आला जानेवारी १७३० च्या सुरुवातीला. आणि १० जानेवारी १७३० ला पुण्यात काय झालं, माहीत आहे का? बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला! म्हणजे इकडे आपल्या खोऱ्यात पंतसचिवांचा कारभार चालू, पुण्यात वाड्याची कुदळ पडतेय आणि त्याच महिन्यात रोममध्ये पोरस आलाप घेतोय.

बिचारा विंची त्याच वर्षी मे महिन्यात गेला. कुणीतरी चॉकलेटमधून विष घातलं, अशी वदंता तेव्हापासून आजवर टिकून आहे. भानगड प्रेमाची होती म्हणे. चॉकलेट डे साजरा करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता प्लॉट. मावळातल्या वाचकाला तो दोन मिनिटांत ओळखीचा वाटेल, माझी गॅरंटी! पोरस लढाई हरलाय, शत्रू जवळ आलाय. तेव्हा त्याचा सेनापती गांदार्ते म्हणतो, महाराज, तुमचं राजचिन्ह मला द्या, मी पोरस होतो, तुम्ही निसटा. आलं लक्षात? पन्हाळा, १६६०, सिद्दी जौहरचा वेढा. महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेला शिवा काशीद! आणि त्याच रात्री महाराजांसोबत निघालेले बाजीप्रभू देशपांडे तर आपल्याच भोर तालुक्यातल्या शिंदचे.

फरक एवढाच, की शिवा काशीदने जीव दिला आणि बाजीप्रभूंनी खिंडीत देह ठेवला. मेतास्तासिओच्या गांदार्तेला मात्र शेवटी बक्षीस म्हणून राजाची बहीण मिळाली. ऑपेरा तो ऑपेरा, इतिहास तो इतिहास.

आणि सर्वांत मोठा मसाला अजून यायचाय! विंचीच्या या ऑपेरात पोरसची प्रेयसी, राणी क्लेओफीदे, हिची भूमिका कुणी केली? एका पुरुषाने! पोपच्या राज्यात रोमच्या रंगमंचावर बायकांना बंदी होती. मग नायिका व्हायचा जाचिंतो फोंताना. लोक त्याला लाडाने फार्फाल्लीनो म्हणत, म्हणजे फुलपाखरू. नखरा, पदन्यास, लाजणं, रुसणं, सगळं एकदम कडक.

कुणाची आठवण झाली? अर्थात नारायणराव राजहंसांची! १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत मिरजेला शकुंतला म्हणून उभे राहिले आणि पुढची काही दशकं महाराष्ट्राच्या बायकांना नेसायचं कसं, दागिना ल्यायचा कसा, हे एका पुरुषाने शिकवलं. बालगंधर्व म्हणजे आपलं फुलपाखरू... नाही, नको. बालगंधर्व ते बालगंधर्व. ऑर्गनचे सूर, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा हा सरंजाम असताना फार्फाल्लीनोने यावं आणि ऐकून जावं.

एक फरक मात्र चटका लावणारा आहे. नारायणरावांचा आवाज निसर्गदत्त होता. इटलीतल्या त्या गायकांचे आवाज लहानपणी शस्त्रक्रिया करून ‘राखलेले’ असायचे. हजारो पोरांवर हा प्रयोग झाला, स्टार झाले मूठभर.

बरं, उलटही झालं का, म्हणजे बाईने पुरुषाची भूमिका केली का? झालं ना! नव्वदेक वर्षांनी, १८२४ मध्ये, नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात पुन्हा ‘आलेस्सांद्रो’ आला. आता संगीत जोव्हान्नी पाचीनीचं. हा काळ बेल कांतोचा, म्हणजे गळ्याच्या ऐश्वर्याचा. दाणेदार ताना, लांब श्वास, फुलासारखी हरकत. रोसिनी, दोनिझेत्ती, बेलिनी ही या काळातली त्रिमूर्ती. पाचीनी चौथा, त्यामुळे फोटोतून कापला गेलेला.

आणि या चौथ्याच्या ऑपेराचं लंडनच्या ‘ऑपेरा रारा’ने रेकॉर्डिंग केलं, तेव्हा पोरस कोण गायलं, माहीत आहे का? जेनिफर लार्मोर. बाई! रोममध्ये राणी पुरुष होती, आता राजा बाई झाला. पोरसला काय वाटत असेल, त्याचं त्याला ठाऊक. आपल्याकडेही हे नवं नाही हं. फक्त स्त्रियांच्या संगीत नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत धनुष्य पेलणारा अर्जुनही बाईच असायची.

पाचीनीला ‘काबालेत्ताचा उस्ताद’ म्हणत. बेल कांतोत आधी संथ गाणं येतं, मग धावतं, टाळ्याखेचक गाणं. ते धावतं म्हणजे काबालेत्ता. ख्यालाच्या मैफिलीत बसलेल्याला अजून समजावून सांगायला नको. विलंबितात डुलक्या काढणारेही द्रुत आलं की ताठ बसतात, हे नेपल्सलाही ठाऊक होतं.

या पाचीनीचे किस्से तर विचारू नका. वडील लुइजी हे रोसिनीच्या ऑपेरात गाणारे. रोसिनी स्वतः डेडलाइनला घाबरला की मदतीला पाचीनीला हाक मारायचा. १८२१ च्या ‘मातिल्दे दी शाब्रान’मधली काही गाणी अशीच पाचीनीची. त्या खेळाचा कंडक्टर आजारी पडला, तर बदली म्हणून कोण उभं राहिलं? व्हायोलिनचा बादशहा पागानिनी! याला म्हणतात बदली कामगार.

आणि प्रेमप्रकरण? नेपोलियनची सख्खी बहीण पाउलीन बोनापार्त! पाचीनीने सत्तरच्या आसपास ऑपेरा लिहिले. एवढ्या धामधुमीत वेळ कधी मिळाला, देव जाणे.

गाववाल्याशीच टक्कर होती, ही गंमत वेगळी. बेलिनी आणि पाचीनी दोघेही सिसिलीतल्या कतानियाचे. आज तिथे बेलिनीच्या नावाने ऑपेरा हाउस आहे आणि त्याच्या ‘नोर्मा’च्या नावाने पास्ता आहे, तोही वांग्याचा. पाचीनीच्या वाट्याला एक बाग आली. वांग्याने बाजी मारली!

जरा ब्रेक घेऊ. ‘वन्स मोअर’चा विश्वविक्रम माहीत आहे का? आपल्याकडे एखाद्या पदाला चार-पाच वन्स मोअर मिळाले की नाटक पहाटेपर्यंत लांबायचं, हे आजोबांकडून ऐकलंय. पण व्हिएन्नात १७९२ मध्ये बादशहा लिओपोल्ड यांना चिमारोझाचा ऑपेरा इतका आवडला, की त्यांनी कलाकारांना जेवू घातलं आणि म्हणाले, आता पहिल्यापासून! त्याच रात्री अख्खा ऑपेरा दुसऱ्यांदा. गायकांच्या घशाचं काय झालं, ते कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आणि संगीत नाटकाचा स्कोअर? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’मध्ये दोनशेहून अधिक पदं! ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिला खेळ झाला तो फक्त चार अंकांचा. सातही अंक लावले असते, तर शकुंतलेआधी प्रेक्षकच वनवासाला गेले असते.

दोन तारे एका स्टेजवर आणायचे, तर इटलीत मानापमानाचे हजार प्रसंग. आपण ते नाटकाच्या नावातच घातलं. ८ जुलै १९२१, मुंबई, ‘संयुक्त मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे राजे समोरासमोर. तीन महिन्यांत, ऑक्टोबरात, केशवराव गेले. वय जेमतेम एकतीस.

इटलीने हिंदुस्थानचा राजा पळवला ना? मग आपण काय उचललं? इटलीचा पोरगा! अगदी खरं. मुंबईत एक इटालियन ऑपेरा कंपनी खेळ करून गेली. ते पाहून आसगावच्या लुकाझिन रिबैरोचं डोकं फिरलं. सांगतात, तो त्या कंपनीत कामालाच लागला आणि निरोपाच्या वेळी तिचे जुने पोशाख विकत घेऊन बसला. सेकंड हँड कपडे, फर्स्ट क्लास आयडिया!

१७ एप्रिल १८९२, ईस्टरचा रविवार. मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरात कोंकणीत पडदा उघडला. नाटकाचं नाव ‘इटालियन भुरगो’, म्हणजे इटालियन पोरगा. गोव्याच्या तियात्राचा हा जन्म. म्हणजे पणजीत आज जे हाउसफुल्ल चालतं, ते जन्मलं मुंबईत आणि कपडे घातले इटलीचे. १७ एप्रिल हा तियात्र दिन म्हणून साजरा होतो.

तियात्राची रेसिपी भारी आहे. गोष्ट चालू असते, पडदा पडतो आणि गायक पुढे येऊन कांतार गातो. त्या गाण्याचा गोष्टीशी संबंध असेलच असं नाही. राजकारण, महागाई, सासूबाई, काहीही! इटालियन गायकही यात कमी नव्हते. आपलं हिट गाणं जणू ट्रंकेत घालून गावोगाव फिरायचे आणि ऑपेरा कुठलाही असो, ते घुसडायचे. संगीतकार बसला कपाळाला हात लावून.

रिबैरोसोबत त्या पहिल्या खेळात मडगावचा जुआंव आगुस्तिन फेर्नांदिस होता. पुढे त्यानेच तियात्र वाढवलं, म्हणून त्याला ‘पाय तियात्रिस्त’, तियात्राचा बाप म्हणतात. १९०४ मध्ये त्याने आपल्या बायकोला, रेजिनाला, स्टेजवर उभं केलं. तियात्रातली पहिली नटी! सालं पुन्हा एकदा वाचा. १९०४ ला गोंयकाराची बायको रंगमंचावर, १९०५ ला मिरजेत आपली शकुंतला नारायणराव. या बाबतीत तियात्राने आपल्याला मागे टाकलं, सरळ मान्य करा.

मुंबईच्या गिरगावात तर ऑपेरा हाउस नावाचा स्टॉपच आहे. पंचम जॉर्ज यांनी १९११ मध्ये उद्‌घाटन केलं, तेव्हा इमारतीचं काम बाकी होतं! आधी फीत, मग फरशी, ही परंपरा जुनी आहे म्हणायची. त्या गोऱ्या साहेबांच्या घरात बालगंधर्वही गायले आणि मास्टर दीनानाथही. १९९३ ला कुलूप लागलं, ते ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडलं आणि तेव्हा गायल्या पॅट्रिशिया रोझारिओ. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या घरातल्या सोप्रानो.

आणि पोरसचं पुढे काय झालं? जर्मनीच्या बायरॉइटमध्ये सप्टेंबर २०२२ ला विंचीचा ‘आलेस्सांद्रो’ पुन्हा उभा राहिला. राजवाड्याच्या अंगणात हिरो-हिरॉइनचा नाच बघायची भोरकरांना सवय आहे, आपल्या वाड्यात शूटिंग काय कमी झालीत? पण तिथे, अठराव्या शतकातल्या लाकडी थिएटरात, दिग्दर्शक त्सेंचिचने चक्क बॉलिवूड स्टाइल डान्स बसवला! सगळे कलाकार पुरुष, अगदी १७३० सारखे. पोरस फ्रांको फाजोली. आणि आपली क्लेओफीदे? ब्राझीलचा ब्रुनो दे सा. आवाज स्त्रीचा, गळा स्वतःचा, शस्त्रक्रिया शून्य.