शाळेच्या आवारातली आलटून पालटून चराई

कुरणाचे तुकडे पाडून मेंढ्या एका वेळी एकाच तुकड्यात चारायच्या आणि बाकीचे तुकडे मोकळे ठेवायचे, ही चक्राकार चराई. तिचा खरा हेतू गवताला विसावा देणे हा आहे. खाल्लेला ठोंब बुडातल्या आणि मुळांतल्या अन्नसाठ्यावर पुन्हा फुटतो. तो साठा भरून निघायच्या आत कोवळी पाने परत खाल्ली गेली, तर ठोंब खंगतो. फ्रान्सच्या आंद्रे व्हॉयझँ यांनी १९५७ च्या पुस्तकात चराईच्या विसाव्याचे हे तत्त्व मांडले. खानदेशातले ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन मुक्काम हलवतात, लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. सरकत राहण्याची रीत इथे नवी नाही.

शहाद्यालगतच्या लोणखेड्यासारख्या गावात शाळेकडे अर्धा एकर गवताळ जागा असेल, तर चार मेंढ्यांपासून सुरुवात करावी. २० गुंठ्यांचे अडीच-अडीच गुंठ्यांचे आठ तुकडे करावेत. प्रत्येकात चार दिवस चराई केली की त्या तुकड्याला २८ दिवस विसावा मिळतो. पंचवीस-तीस किलोची मेंढी दिवसाला साधारण एक किलो सुक्या चाऱ्याइतके गवत खाते. म्हणजे चार मेंढ्यांना चार दिवसांत सोळा किलो, आणि तेवढेच मागे उरायला हवे. गवत वीतभर झाले की मेंढ्या सोडाव्यात, चार बोटे उरले की काढाव्यात. दिवस भरले नसले तरीही.

चार दिवसांना आणखी एक कारण आहे. पावसाळी उबेत लेंडीतल्या जंतांच्या अंड्यांपासून आठवडाभरात रोगकारक अळ्या तयार होतात, आणि त्या गवताच्या बुडाशी जास्त असतात. त्याआधी कळप हललेला बरा. तरी २८ दिवसांत सगळ्या अळ्या मरत नाहीत, म्हणून लेंड्या तपासून जंतनाशक द्यावे. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी.

तुकड्यांसाठी मेंढपाळ वाड्याला लावतात तशी हलती जाळी पुरते. प्रत्येक तुकड्यात पाणी आणि सावली हवी. रात्री मात्र मोकाट कुत्री आणि उसातला बिबट्या यांच्यामुळे जाळीवर विसंबू नये. पक्का, बंद वाडाच हवा. आवारातली शोभेची कण्हेर मेंढ्यांना विषारी असते, घाणेरी आणि कोवळी ज्वारीही. गाईम्हशींचे खनिज मिश्रण देऊ नये, त्यातले तांबे मेंढीला बाधते. मेंढ्या हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत.

हे वेळापत्रक पावसाळ्यापुरतेच चालते. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. त्यानंतर खाल्लेले गवत महिन्याभरात परत येत नाही. मग मेंढ्या वाड्यात बांधून ज्वारीचा कडबा, हरभऱ्याचे कुटार आणि थोडा सुबाभळीचा पाला द्यावा लागतो. उन्हाळी सुट्टीही याच काळात येते, म्हणून पाणी-चारा कोण पाहणार हे मेंढ्या आणण्याआधी ठरवावे. श्रावणातले हिरवे आवार पाहून मेंढ्यांची संख्या वाढवू नये. मे महिन्यात जेवढ्या पोसता येतील तेवढ्याच आणाव्यात.