कापूर, अत्तर, पॉवर बँक आणि सोळा कलमांचा कागद

ऑनलाइन बाजारपेठेवर नवी वस्तू चढवताना फॉर्ममध्ये एक प्रश्न हमखास येतो: या वस्तूत बॅटरी आहे का, ती धोकादायक मालाच्या नियमांखाली येते का? बहुतेक छोटे विक्रेते 'नाही'वर बोट ठेवून पुढे जातात. खोटं बोलायचा हेतू नसतो. आपला माल धोकादायक असेल हे त्यांच्या मनातच येत नाही. मग एक दिवस लिस्टिंग बंद पडतं, माल गोदामात अडकतो आणि 'एसडीएस अपलोड करा' असा मेल येतो. ओळखीतल्या कुणाकडून तरी एक पीडीएफ मागवून चढवली जाते आणि प्रकरण मिटलं असं वाटतं. पण घोळ खरा इथूनच सुरू होतो. तेव्हा नेहमी कानावर येणारी वाक्यं एकेक करून पाहू.

"धोकादायक म्हणजे ॲसिड नाहीतर बॉम्ब. माझा तर पूजेचा कापूर आहे."

पूजेसाठी सर्रास विकला जाणारा कृत्रिम कापूर संयुक्त राष्ट्रांच्या यादीत यूएन २७१७ या क्रमांकाने नोंदलेला आहे. वर्ग ४.१, म्हणजे ज्वलनशील घनपदार्थ. त्याच यादीत अत्तरं आणि परफ्यूम यूएन १२६६ खाली आहेत, स्प्रेचे डबे १९५० खाली, रंग १२६३ खाली, तर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन १०९० खाली. संडास साफ करायच्या द्रावणातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड १७८९ वर आहे. एकूण वर्ग नऊ. स्फोटकं हा त्यातला पहिला, आणि घरगुती उद्योगाचा त्याच्याशी क्वचितच संबंध येतो. आपला संबंध येतो तो मुख्यतः तिसऱ्याशी (ज्वलनशील द्रव) आणि नवव्याशी (लिथियम बॅटऱ्या याच वर्गात मोडतात).

'आयुर्वेदिक', 'नैसर्गिक', 'केमिकल-फ्री' हे शब्द लेबलवर कितीही ठळक छापले तरी वर्ग ठरवताना ते कुणी वाचत नाही. द्रव पदार्थाच्या बाबतीत पाहिला जातो तो फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेते ते तापमान. बंद भांड्यात मोजलेला हा आकडा साठ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आला की माल तिसऱ्या वर्गात. शुद्ध इथाइल अल्कोहोलचा आकडा तेरा अंशांच्या आसपास आहे. विदर्भातल्या पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात काय तापमान असतं, ते सांगायला नको. निलगिरीचं तेल पूर्ण वनस्पतीजन्य, पण तेही साठच्या आतच पेटतं.

उलट, अल्कोहोल न घातलेलं चंदनतेलाचं अत्तर शंभर अंशांच्या वरचा फ्लॅश पॉइंट दाखवतं आणि तिसऱ्या वर्गातून सुटतं. एकाच दुकानात, एकाच नावाने, एकाच रंगाच्या खोक्यात विकल्या जाणाऱ्या रोल-ऑन आणि स्प्रे या दोन बाटल्यांना वेगवेगळे नियम लागू शकतात. 'आमच्याकडे अत्तरं आहेत' एवढ्या माहितीवर म्हणूनच काही ठरवता येत नाही.

"एसडीएस म्हणजे माल सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट."

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, म्हणून इथे जरा थांबू. सेफ्टी डेटा शीट (जुन्या लोकांच्या तोंडी एमएसडीएस) हे कुणी बहाल केलेलं प्रमाणपत्र नाही. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं ते निवेदन आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरण पद्धतीप्रमाणे त्याची सोळा कलमं असतात. आपल्याकडे १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांतही, नवव्या परिशिष्टात, अशा माहितीपत्रकाचा नमुना दिलेला आहे. माल सुरक्षित आहे असं हा कागद म्हणत नाही. धोका कसला आहे, किती आहे आणि सांडलं-पेटलं तर काय करायचं, हे तो सांगतो. मध किंवा साबणवडीचा एसडीएस करता येतो, तसाच सल्फ्युरिक ॲसिडचाही.

तपासणारा माणूस सोळाच्या सोळा कलमं वाचत बसत नाही. तो पहिल्या कलमात वस्तूचं आणि उत्पादकाचं नाव पाहतो, तिसऱ्यात घटक, नवव्यात फ्लॅश पॉइंट आणि चौदाव्यात वाहतुकीची माहिती: यूएन क्रमांक, वर्ग, पॅकिंग गट (म्हणजे धोक्याची तीव्रता). नेटवरून उचललेली पीडीएफ इथेच उघडी पडते. नवव्या कलमात फ्लॅश पॉइंट सतरा अंश आणि चौदाव्यात 'नियम लागू नाही' असं लिहिलेलं असतं. दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर फक्त नाव बदललेलं आहे हे समजायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. ॲमेझॉनसारख्या बाजारपेठा कागद पाच वर्षांच्या आतला मागतात, आणि त्यावरचं नाव लिस्टिंगवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, हेही पाहतात.

समजा, तुम्ही कनौजहून अर्क मागवला, मुंबईच्या घाऊक बाजारातून स्पिरिट घेतलं आणि घरी दोन्ही मिसळून बाटल्या भरल्या. अर्कवाल्याचा एसडीएस तुमच्याकडे आहे, स्पिरिटवाल्याचाही आहे. तरी तुमच्या बाटलीचा नाही. मिश्रण झालं त्या क्षणी वस्तू नवी झाली आणि तिचे उत्पादक तुम्ही झालात. ऐंशी टक्के अल्कोहोल असलेल्या परफ्यूमसाठी शुद्ध अर्काचा कागद चढवणं म्हणजे पेटत्या वस्तूला न पेटणारी म्हणून पाठवणं. अशा मिश्रणाचा फ्लॅश पॉइंट प्रयोगशाळेत मोजून घ्यावा आणि जाणकाराकडून एसडीएस करून घ्यावा. खर्च होतो, पण तो एका फॉर्म्युल्याला एकदा. सुगंध बदलला तर पुन्हा, हे मात्र लक्षात असू द्या.

"बाटली एवढीशी. तिला कसले कागद?"

अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. थोड्या मालासाठी नियमांत सवलती आहेत, पण त्या दोन प्रकारच्या आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली सवलत अगदी किरकोळ प्रमाणाची. नेहमीच्या अल्कोहोलयुक्त परफ्यूमच्या (पॅकिंग गट दोन) बाबतीत आतली बाटली ३० मिलीपर्यंत आणि पूर्ण खोक्यात मिळून ५०० मिलीपर्यंत. एवढं पाळलं तर विमानानेही लांबलचक घोषणापत्राशिवाय जाता येतं. पण खोक्यावर ठरलेलं चिन्ह हवं, एअर वेबिलवर नोंद हवी, आत द्रव शोषून घेणारं साहित्य हवं, आणि अशा पॅकिंगचा नमुना १.८ मीटरवरून टाकला तरी टिकला पाहिजे. बाजारात सर्वाधिक खपणारी ५० मिलीची बाटली या सवलतीत बसतच नाही, हे बऱ्याच जणांना माल पॅक झाल्यावर कळतं.

दुसरी सवलत मर्यादित प्रमाणाची. काळ्या टोकांच्या चौकटीत 'वाय' अक्षर असलेलं चिन्ह त्या खोक्यावर दिसतं. इथे यूएन शिक्क्याचा खोका लागत नाही, पण विमानाने पाठवताना शिपर्स डिक्लरेशन लागतंच. 'मर्यादित' या शब्दाने लोक निर्धास्त होतात आणि नेमके इथे अडकतात. ते घोषणापत्र कुणीही भरून सही करू शकत नाही. धोकादायक मालाचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतं आणि दर दोन वर्षांनी ते पुन्हा घ्यावं लागतं. महिन्याला पाच-दहा पार्सलं पाठवणाऱ्याने हे काम धोकादायक मालाचं (डीजी) पॅकिंग करणाऱ्या अधिकृत एजंटाकडे दिलेलं बरं. शिवाय नियमांत बसणारा मालही नाकारण्याचा अधिकार विमान कंपनीला असतो, तेव्हा आधी विचारून घ्यावं.

"मी सरफेसने पाठवतो, म्हणजे काही लागत नाही."

रस्त्याने पाठवणं हा छोट्या विक्रेत्यासाठी बहुतेक वेळा शहाणपणाचाच मार्ग असतो. पण रस्ता म्हणजे नियममुक्त प्रदेश नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. नियम १३१ माल पाठवणाऱ्याची जबाबदारी सांगतो, त्यापुढचे नियम वाहनमालकाची आणि चालकाची. ट्रान्सपोर्टवाले ज्याला ट्रेम कार्ड म्हणतात, ते आणीबाणीच्या सूचनांचं पत्रक याच व्यवस्थेचा भाग.

दुसरी अडचण व्यवहारातली. डॉकेटवर तुम्ही 'कॉस्मेटिक्स' किंवा 'गिफ्ट आयटम' एवढंच लिहिलंत, तर हबवरच्या माणसाने पार्सल विमानाच्या गठ्ठ्यात का टाकू नये? ते कुठल्या रस्त्याने जाईल, हे तो तुमच्या त्या दोन शब्दांवरून ठरवतो. आणि आपल्याकडे कुरिअरचा बराचसा माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो.

"बॅटरी यंत्राच्या आत आहे. शिवाय बीआयएस नंबरही आहे."

बीआयएस नोंदणी भारतात विक्रीसाठी. वाहतुकीसाठी लागते ती यूएन ३८.३ ही चाचणी. विमान उंचीवर गेल्यावर पडणारा कमी दाब, टोकाचं तापमान, हादरे, धक्के, शॉर्ट सर्किट, चेंगरणं, जास्त चार्ज होणं, उलटं डिस्चार्ज होणं अशा आठ कसोट्या तिच्यात असतात. १ जानेवारी २०२० पासून उत्पादकाने आणि वितरकाने या चाचणीचा सारांश मागेल त्याला दिला पाहिजे. म्हणून आयात केलेल्या मालाच्या पुरवठादाराकडे पैसे भरण्यापूर्वी हा सारांश मागा. पैसे पोचल्यावर तो मिळवताना फार घाम गाळावा लागतो.

यंत्रात बसवलेली बॅटरी (यूएन ३४८१) आणि सुटी बॅटरी (यूएन ३४८०) यांत नियम मोठा फरक करतात. पॉवर बँक सुट्या बॅटरीत गणली जाते, कारण तिचं कामच दुसऱ्याला वीज देण्याचं. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानातून नेता येत नाहीत. मालवाहू विमानातही त्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज केलेल्या चालत नाहीत. बॅटरीची क्षमता नियमांत वॅट-अवरमध्ये मोजतात, आणि तो आकडा काढणं सोपं आहे: २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-अवर, गुणिले ३.७ व्होल्ट, उत्तर ७४. शंभर वॅट-अवरची मर्यादा ओलांडली की सौम्य नियम संपतात.

"काही झालंच तर प्लॅटफॉर्म बघेल, कुरिअर बघेल."

ऑक्टोबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतल्या लुईव्हिलहून बोल्डरकडे एक गॅलन ड्रेन क्लीनर विमानाने पाठवायला यूपीएसकडे दिला. द्रावण दाहक होतं, आणि त्याचे कागद नव्हते. वाटेत खोका गळला, हाताळणाऱ्या नऊ कर्मचाऱ्यांच्या अंगाची आग झाली आणि त्यांच्यावर उपचार करावे लागले. जून २०१६ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने साडेतीन लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला, तो माल पाठवणाऱ्या ॲमेझॉनवर. वाहून नेणाऱ्या यूपीएसवर नव्हे. माल कोणता आहे, हे पाठवणाऱ्यालाच माहीत असतं या तत्त्वावर सगळी व्यवस्था उभी आहे. बाजारपेठ तुमच्याकडून कागद मागते ती तुमची जबाबदारी स्वतःवर घ्यायला नव्हे; ती स्वतःची बाजू सावरत असते.

"हे सगळे कागदी घोडे."

११ मे १९९६. मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान काही मिनिटांत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं आणि ११० माणसं गेली. मालाच्या कप्प्यात ऑक्सिजन तयार करणाऱ्या रासायनिक नळ्या होत्या. मुदत संपलेल्या, पण भरलेल्या, आणि सुरक्षेची टोपणं न बसवलेल्या. सोबतच्या कागदावर त्या 'रिकाम्या' अशी नोंद होती. कागद होता, सही होती, फक्त एक शब्द खोटा होता. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएसचं मालवाहू विमान आगीने कोसळलं आणि दोन्ही वैमानिक दगावले. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता, आणि त्यातल्या किमान तीन खेपा धोकादायक वर्गात बसत असूनही तशा जाहीर केलेल्या नव्हत्या, असं चौकशीत निघालं. बंद खोक्याच्या आत काय आहे, हे हबवरच्या हमालाला, लोडरला आणि वैमानिकाला कळायचा दुसरा कुठलाही मार्ग नसतो.

"सगळे कागद पूर्ण केले की काहीही विकता येतं."

येत नाही. फटाक्यांची ऑनलाइन विक्री सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने बंद केली आहे. त्यासाठी जुळवायला कुठलाच कागद नाही.

"कागद जाताना लागतात. परत येणाऱ्या मालाचं काय?"

रिटर्नचा विचार जवळजवळ कुणीच करत नाही. परफ्यूम नाकारलं गेलं तर तेच द्रव तेवढ्याच फ्लॅश पॉइंटसह उलट्या दिशेने निघतं, आणि यावेळी पॅकिंग ग्राहकाने केलेलं असतं, बहुधा फाटक्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. पॉवर बँकेचं आणखी बिकट. फुगलेली, गरम होणारी किंवा सदोष म्हणून परत मागवलेली लिथियम बॅटरी कुठल्याही विमानातून पाठवायला मनाई आहे, मालवाहू विमानातूनसुद्धा. पण ऑनलाइन फॉर्मवर 'सदोष' हे कारण निवडलं की पिकअपचा निरोप आपोआप जातो. तेव्हा बॅटरीच्या वस्तूंसाठी ही आपोआप चालणारी पद्धत बंद करता येते का ते पाहा. ग्राहकाला फोटो मागा, पैसे परत करा आणि वस्तू कुरिअरला देऊ नका म्हणून स्पष्ट लिहून कळवा. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनी ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि बाहेरून आयात करून विकणारा विक्रेताही त्या व्याख्येत उत्पादकच ठरतो. म्हणून अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राचा पत्ता वस्तूच्या खोक्यातल्या माहितीपत्रकातच छापून ठेवावा.