हुंकाराला उत्तर

मालिश करणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर उताणं घेते आणि तेलाचा हात फिरवता फिरवता त्याच्याशी बोलत राहते. दोन-अडीच महिन्यांचं बाळ तिच्या तोंडाकडे टक लावून बघत असतं. ती वाटीत बोटं बुडवायला थांबली की तेवढ्यात ते एक हुंकार देतं. ‘हो का? आणि मग?’ असं विचारून ती पुन्हा थांबते आणि पुन्हा हुंकार येतो. या सगळ्यात एकही शब्द शिकवला गेलेला नसतो, पण संभाषणाची मांडणी पूर्ण झालेली असते: एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग पाळी बदलायची. मूल कानावर शब्द पडून पडून बोलायला लागतं, असं आपण गृहीत धरतो. ते खरं आहे, पण अर्धंच. दुसरा अर्धा भाग म्हणजे मुलानं काढलेल्या आवाजाला वेळेवर मिळणारं उत्तर, आणि माझ्या मते आजच्या घरांत कमी पडतो तो हाच भाग.

कानाचं काम थोर आहे, हे आधी मान्य करायला हवं. जन्मून दोन-तीन दिवस झालेलं मूल परक्या बाईच्या आवाजापेक्षा आईचा आवाज पसंत करतं. चोखण्याच्या गतीनुसार आवाज बदलणारी बोंडशी तोंडात देऊन डिकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० मध्ये हे दाखवलं. १९९६ मध्ये सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची सलग माळ फक्त दोन मिनिटं ऐकवली. कोणती अक्षरं नेहमी एकापाठोपाठ येतात, हे तेवढ्यात बाळांनी टिपलं होतं. तिथे ना माणूस होता, ना उत्तर. होता फक्त ध्वनिक्षेपक. त्याहून आपल्या जवळचा पुरावा जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांचा, १९८४ चा. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो फरक कळेनासा झाला होता. मराठी घरातल्या मुलाला तो कळत राहतो, कारण त्याला ‘वात’ आणि ‘वाट’ दोन्ही लागणार असतात. म्हणजे वर्ष पुरं व्हायच्या आत कान आपल्या घरच्या भाषेपुरते तयार होतात.

मग नुसतं ऐकवत राहिलं तर? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये सिअ‍ॅटलमध्ये नेमकं हेच तपासलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणारी माणसं बारा वेळा येऊन खेळली, पुस्तकं वाचून गेली. शेवटी त्या बाळांना चिनी उच्चारांतला एक बारीक फरक ओळखता येऊ लागला. ज्या बाळांना हीच माणसं, हीच पुस्तकं पडद्यावर दाखवली किंवा नुसती ऐकवली, ती शिकली नाहीत. त्याच वर्षी मायकल गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांच्या आयांना दोन गटांत विभागून वेगवेगळं वागायला सांगितलं. एका गटातली आई बाळानं आवाज काढताक्षणी हसायची, जवळ सरकायची, स्पर्श करायची. दुसऱ्या गटातली आई तेवढ्याच वेळा हे सगळं करायची, पण बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नसायचा. पहिल्या गटातल्या बाळांची बडबड बघता बघता अधिक स्पष्ट अक्षरांची झाली. माया दोन्हीकडे सारखीच होती, वेळ तेवढी वेगळी. आणि या आयांनी एक शब्दही उच्चारला नव्हता.

इथे एक वजनदार आक्षेप येतो, तो मेक्सिकोतून. चियापासच्या डोंगरांतल्या त्सेल्ताल भाषक, माया वंशाच्या शेतकऱ्यांमध्ये तान्ह्या मुलांशी मुद्दाम बोलत बसण्याची रीत नाही. कासियास, ब्राउन आणि लेविन्सन यांच्या २०२० च्या अभ्यासात तिथल्या मुलांशी थेट बोलणं तासाला सरासरी चार मिनिटांपेक्षाही कमी भरलं. तरी तिथली मुलं पहिला शब्द साधारण जगातल्या इतर मुलांच्याच वयात उच्चारतात. हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. त्यानं दिवसभर बाळापुढे बोलत राहण्याच्या शहरी सल्ल्याचा दिमाख उतरतो, शब्द मोजण्याचं खूळही उतरतं. उत्तराचं महत्त्व मात्र त्यानं कमी होत नाही. आईच्या पाठीला बांधलेल्या मुलानं चुळबूळ केली की त्याला पाजलं जातं. हेही उत्तरच, फक्त ते शरीरानं दिलेलं आहे.

दुसरा आक्षेप व्याकरणाचा. तीन वर्षांचं मूल ‘मी करलं’ म्हणतं. घरात कुणीच ‘करलं’ म्हणत नाही. बसलं, पडलं, उठलं यांवरून नियम त्यानंच काढलेला असतो. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा ‘मी येते’ म्हणतो, तेव्हाही तो पोपटपंची करत नसतो, हाती आलेल्या पुराव्यावरून तर्क करत असतो. ही बुद्धी कुणाच्या उत्तरातून येत नाही, हे कबूल. पण आई त्यावर काय म्हणते? ‘केलंस? दाखव बघू.’ ती चूक काढत नाही, मजकुराला उत्तर देते, आणि मुलाचं स्वतःचं वाक्य अजून त्याच्या डोक्यात असतानाच बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं. (पाहुण्यांसमोर ‘काऊ कसा करतो, बोलून दाखव’ ही परीक्षा याच्या बरोबर उलट, तिथे मूल बहुधा गप्प बसतं आणि शहाणपणाच करतं.)

मोबाइलवरच्या बडबडगीतांची अडचण यावरून नीट कळते. त्यांतले शब्द चांगले असतील, उच्चार स्वच्छ असतील, पण मुलानं मध्येच ‘भू’ म्हटलं तर ते गाणं थांबत नाही. पुण्यातली आजी न्यू जर्सीतल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर ‘भू भू कुठंय?’ विचारते आणि त्याच्या बोटाची वाट पाहते, तेव्हा पडदा तोच असला तरी गोष्ट वेगळी असते. रोझबेरी, हर्ष-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी २०१४ मध्ये दोन ते अडीच वर्षांच्या मुलांबाबत हाच फरक दाखवला: व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून मुलं नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून शिकली नाहीत.

हुंकाराला उत्तर देताना एक सावधगिरी मात्र हवी: पहिल्या काही महिन्यांचा हुंकार ही ऐकू येत असल्याची खूण नव्हे. जन्मतः बहिरं मूलही सुरुवातीला हुंकार देतं, आणि घरचे निर्धास्त राहतात. पुढे सहा-सात महिन्यांनंतर ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड सुरू होणं लांबत जातं, तेव्हा ‘याचा मामाही उशिराच बोलला’ असं म्हणून वर्ष निघून जातं. झोपलेल्या बाळाच्या कानाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते, दुखत नाही. आणि ऐकू येत नसल्याचं कळलं, तरी उत्तराची गरज तशीच राहते. बहिऱ्या आईवडिलांच्या घरातली बहिरी बाळं हातांनी बडबड करतात, हे पेटिटो आणि मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये नोंदवलं आहे. त्या बाळांच्या आया हातांनीच उत्तर देतात.