फट शोधणारी दुर्बीण

दूध पिताना बाळाला ठसका लागला की आजी त्याच्या टाळूवर फुंकर मारते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. काही बाळं मात्र प्रत्येक पाजणीला ठसकतात, काळीनिळी पडतात. न्यूमोनिया बरा होतो आणि पुन्हा उलटतो. अशांपैकी मोजक्यांच्या घशात जन्मतःच फट असते. स्वरयंत्र आणि त्यामागची अन्ननलिका यांच्यामधली भिंत गर्भात पूर्ण बनलेलीच नसते, त्यामुळे दूध फुप्फुसांकडे उतरतं. साधारण दहा ते वीस हजार जन्मांमागे असं एक बाळ.

ही फट दिसते ती एका बारीक, सरळ, धातूच्या दुर्बिणीतून. नवजात बाळाच्या स्वरयंत्राखालची वाट जेमतेम चार-पाच मिलिमीटरची. पूर्वीच्या दुर्बिणींत पोकळ नळीत अंतराअंतरावर छोटी भिंगं बसवलेली असत. नळी बारीक केली की प्रकाश मरायचा. लिव्हरपूलचे मूत्ररोगतज्ज्ञ जेम्स गो यांना मूत्राशयाच्या आतले फोटो काढायचे होते. ही अडचण घेऊन ते हॅरल्ड हॉपकिन्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेले. हॉपकिन्सनी मांडणीच उलटी केली: नळीत काचेच्या लांब कांड्या भरल्या आणि त्यांच्यामधल्या हवेच्या फटींकडून भिंगांचं काम करून घेतलं. प्रकाश कितीतरी पटीने वाढला. ब्रिटिश कंपन्यांनी फारसा रस दाखवला नाही, तो दाखवला जर्मनीतल्या कार्ल स्टोर्झ यांनी, आणि १९६७मध्ये ही दुर्बीण बाजारात आली. (लवचीक दुर्बिणीमागच्या काचतंतूंवरही हॉपकिन्सनी काम केलं होतं, तेव्हा त्यांचा विद्यार्थी होता पंजाबातून गेलेला नरिंदरसिंग कपानी.)

गंमत अशी की एवढ्या लख्ख उजेडातही ही फट नजरेला चकवते. लहान फटीच्या दोन्ही कडांवरची मऊ त्वचा एकमेकींवर टेकलेली असते आणि वरून सगळं अखंड भासतं. म्हणून बाळाला पूर्ण भूल देतात, पण शक्यतो त्याचा श्वास त्याचा त्यालाच घेऊ देतात. घसा एकच आणि त्यावर हक्क दोघांचा, भूलतज्ज्ञाचा आणि सर्जनचा. लहान मुलांच्या भुलीत मुरलेला माणूस शेजारी नसेल तर ही तपासणी करूच नये. सर्जन एका हाताने दुर्बीण धरतो आणि दुसऱ्या हातातल्या बोथट सळईने स्वरयंत्राच्या मागच्या कडा अलगद विलग करतो. सळई किती खाली उतरते यावर निदान ठरतं. माझ्या मते या तपासणीत दुर्बिणीपेक्षा सळईचं काम मोठं, आणि त्याहून मोठा सर्जनच्या मनातला संशय. तो नसेल तर सळई हातात घेतलीच जात नाही.

ब्रूस बेंजामिन आणि अँड्र्यू इंग्लिस यांनी १९८९मध्ये फटीच्या लांबीवरून चार प्रकार पाडले. तीच वाटणी आज सर्वाधिक चालते. पहिल्या प्रकारात फट स्वरतंतूंच्या वरच राहते. तिथे दूध दाटसर करून पाजणं, फटीत जेल टोचून ती तात्पुरती बुजवणं किंवा तोंडातूनच टाके घालणं पुरतं. चौथ्या प्रकारात ती छातीतल्या श्वासनलिकेपर्यंत जाते. ती शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची. फट शिवून बाळ वाचवल्याची पहिली नोंद स्वीडनच्या पेटरसन यांची, १९५५ची.

छातीच्या एक्स-रेत फट दिसत नाही. बेरियम पाजून केलेल्या तपासणीत दूध चुकीच्या वाटेला गेल्याचं कळतं, कुठून गेलं ते कळेलच असं नाही. जाग्या बाळाच्या नाकातून घातलेली लवचीक दुर्बीण स्वरतंतूंची हालचाल छान दाखवते, पण लहान फट तिच्याकडूनही निसटू शकते. तेव्हा बाळ पाजताना नेहमीच ठसकत असेल आणि न्यूमोनिया पुन्हापुन्हा होत असेल, तर एका पाजणीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, लहान मुलांच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, आणि स्वरयंत्राची मागची बाजू भूल देऊन तपासायला हवी का, हे स्पष्ट विचारा.