पत्ता बदलताना पत सांभाळा!

ब्रिटनमधील ‘द गार्डियन’ या दैनिकाने जुलै २०१३ मध्ये इंटरनेटवरील आपला पत्ता बदलला. ‘गार्डियन डॉट को डॉट यूके’च्या जागी ‘द गार्डियन डॉट कॉम’ आले. तोपर्यंत जगभरच्या असंख्य संकेतस्थळांनी जुन्या पत्त्याचे दुवे दिलेले होते. त्यावरून येणारा वाचक थेट नव्या पानावर पोहोचेल, अशी व्यवस्था दैनिकाने केली. ती नसती, तर वाचकांबरोबरच सर्च इंजिनांच्या लेखी असलेली पतही धोक्यात आली असती.

निकालांत एखाद्या पानाला कोणते स्थान द्यायचे, हे ठरवताना गुगल त्या पानाकडे येणारे दुवेही विचारात घेते. हे दुवे जुन्या पत्त्याच्या खात्यावर जमा असतात. मजकूर नव्या पत्त्यावर हलवला, म्हणून ते खाते आपोआप त्याच्या नावे होत नाही.

त्यासाठीची सोय एचटीटीपीच्या १९९६ मधील १.० या आवृत्तीतही होती. जुन्या पानाची मागणी होताच सर्व्हर ‘३०१’ हा संकेतांक आणि नवा पत्ता पाठवतो. पान कायमचे हलले आहे, असा त्याचा अर्थ. ‘३०२’ हा संकेतांक मात्र तात्पुरत्या बदलाचा. वाचक दोन्ही वेळा नव्या पानावरच पोहोचतो. त्याला फरक जाणवत नाही. सर्च इंजिनाला तो कळतो. ‘३०१’ दिसल्यास ते निकालांत नवा पत्ता दाखवू लागते. ‘३०२’ असल्यास जुनाच ठेवण्याकडे त्याचा कल असतो.

येथे एक चूक हमखास होते. जुनी सर्व पाने नव्या मुखपृष्ठाकडे वळवली जातात. अशा वेळी मूळ पान नाहीसे झाले आहे, असे गुगल समजू शकते. म्हणून प्रत्येक जुने पान त्याच मजकुराच्या नव्या पानाशी जोडणे आवश्यक ठरते. गुगलच्या ‘सर्च कन्सोल’मध्ये पत्ताबदल कळवण्याचीही सोय आहे. तरीही हा बदल एका रात्रीत होत नाही. सर्च इंजिन एकेक पान पुन्हा तपासते आणि मध्यम आकाराच्या संकेतस्थळालाही त्यासाठी काही आठवडे लागू शकतात.

ही व्यवस्था किमान वर्षभर ठेवावी, असे गुगल सुचवते. जुन्या नावाची नोंदणी मात्र त्यानंतरही सोडू नये. ती संपली की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो आणि जुन्या दुव्यांवर विसंबून येणारा वाचक भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.