चाळणी घेऊन नदीकाठी

नांदेड-लातूरकडच्या मुलांना पाणीटंचाई समजावून सांगावी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण पाण्यात कोण राहतं, हे त्यांना क्वचितच दाखवलं जातं. शाळेची सहल गोदावरीवरच्या विष्णुपुरी जलाशयाकाठी किंवा मांजरेकाठी न्यावी. चाळणी आणि पांढरं ताट एवढ्यावर काम भागतं.

काठचा गाळ चाळा, ताटातल्या पाण्यात सोडा आणि जरा थांबा. मातकट रंगाचं काहीतरी सरकेल. ते चतुराचं पिल्लू. ते गुदद्वारातून पाणी आत ओढतं, तिथल्याच कल्ल्यांनी श्वास घेतं आणि तेच पाणी पिचकारीसारखं सोडून पुढे झेपावतं. दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून डासांच्या अळ्या पकडतं!

शेजारी लालभडक अळ्या वळवळत असतील, तर त्याही नीट पाहा. हा लाल रंग हिमोग्लोबिनचा. म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात. बाकीचे जीव गायब आणि याच उदंड दिसल्या, तर सांडपाण्याचा संशय घ्यावा.

उन्हाचाही यात वाटा आहे. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. वर जलपर्णी माजली, की खाली उजेड पोचत नाही आणि ती कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. म्हणूनच एकाच जागी दोनदा जावं, असं मला वाटतं: दिवाळीनंतर आणि मार्चअखेरीस. पाहून झालं की ताट त्याच जागी पाण्यात हळूच रिकामं करायचं.