पिल्लाचे पोते आणि मुलाचे आरोग्य

सहा वर्षांच्या मुलाला घेऊन एक आई दवाखान्यात आली. घरातले दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू झोपायच्या पोत्यावरच घाण करते आणि मुलगा तिथेच लोळतो. “मारूनही ऐकत नाही, डॉक्टर!”

मी म्हटले, मारू नका. एवढ्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. झोपून उठले, जेवले, की लगेच बाहेर ठरलेल्या जागी न्या. तिथे केले की शाबासकी द्या. पोते धुऊन उन्हात वाळवा.

विष्ठेतली जंतांची अंडी मुलाच्या पोटात गेली, तर त्यांतली अळी क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचून दृष्टी अधू करते. अंडी बाधक व्हायला दोनेक आठवडे लागतात. म्हणून घाण त्याच दिवशी उचला. पशुवैद्यांकडून पिल्लाला जंताचे औषध द्या, मुलाचे हात साबणाने धुवा.

मुलगा ठणठणीत होता. पिल्लालाही सवय लागेल. धीर आपण धरायचा.